गिनती जुळल्यानंतर

आमच्या घरी रात्री सगळे जेवायला बसले की आबा, म्हणजे माझे वडील, एकदा नजर फिरवून माणसे मोजत. मोठ्याने नव्हे, ओठसुद्धा हलत नसत. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत जायचा आणि शेवटच्या माणसापाशी येऊन थांबायचा, आणि मगच ते पहिला घास घेत. झोपण्याआधी दाराला कडी घातली की ती दोनदा ओढून पाहायची, हाही रोजचा नेम. लहानपणी मला हा त्यांचा टापटिपीचा स्वभाव वाटे. कारागृहात रोज सकाळी बराकी उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना गिनती होते आणि ती जुळेपर्यंत पहाऱ्यावरच्या कुणालाही घरी जाता येत नाही, हे समजायला मला बरीच वर्षे लागली. आबा १९८४ मध्ये कारागृह शिपाई म्हणून भरती झाले आणि २०१८ मध्ये सुभेदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीला इतकी वर्षे झाली, तरी गेल्या वर्षी एका लग्नात पंगत बसली असताना मी त्यांचा अंगठा पेरांवरून सरकताना पाहिला.

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. गेल्या पावसाळ्यात एका कारागृहातील कर्मचाऱ्यांसमोर 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर बोलायला मला बोलावले होते. ते कारागृह कोणते, हे मी लिहिणार नाही. आबांच्या नोकरीतल्या ज्या गोष्टी पुढे येतील, त्याही कोणत्या कारागृहातल्या हे सांगणार नाही, कारण त्यांनी नोकरी केलेल्या चार कारागृहांपैकी कुठेही त्या घडल्या असत्या. मी नेहमीप्रमाणे तयारी करून गेले होते. दीर्घ श्वसन, झोपेची शिस्त, विचारांची नोंद ठेवणे, घरच्यांशी बोलणे. पाऊण तास बोलून झाल्यावर मागच्या रांगेतले एक हवालदार उठले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "मॅडम, श्वास घ्यायला आम्ही शिकू. पण आठ तास झाल्यावर आमच्या जागी उभा राहायला रिलीव्हर येत नाही, त्याचं काय करायचं ते पण सांगा." सभागृहात कुणी हसले नाही. माझ्याकडे उत्तर नव्हते आणि तसे मी त्यांना सांगितले. हा लेख मी त्या प्रश्नामुळे लिहीत आहे.

'बर्नआउट' हा शब्द आता सर्रास वापरला जातो. दोन दिवस काम जास्त झाले तरी लोक तो उच्चारतात. त्याचा मूळ अर्थ नेमका आहे. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये आपल्या सहकाऱ्यांची आणि स्वतःची अवस्था वर्णन करताना तो वापरला. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ती अवस्था मोजण्याची प्रश्नावली तयार केली, आणि तिच्यातील तीन बाजू आजही आधार मानल्या जातात: भावनिक थकवा, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून पाहणे सुटणे, आणि आपल्या हातून काही घडत आहे ही भावना आटत जाणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या अकराव्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित घटना म्हणून. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो, कारण आजार म्हटले की औषध माणसाला द्यायचे असते, आणि कामाशी निगडित घटना म्हटले की कामाकडेही पाहावे लागते. मराठीत मला यासाठी 'करपणे' हा शब्द जवळचा वाटतो. पीक करपते तेव्हा ते मुळापासून उपटलेले नसते. ते जागेवर उभे असते.

थकव्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, तो सर्वांना ठाऊक असतो. दुसरी बाजू मी घरात ऐकली आहे. आबांचे सहकारी क्वार्टरच्या ओट्यावर बसून बोलत तेव्हा त्यांच्या बोलण्यात माणसांची नावे क्वचितच येत. "त्या तीनशे दोनला ताप आहे", "नवा तीनशे शहात्तर रात्रभर रडत होता" असे बोलणे चाले. कलम हेच नाव. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचे कलम १०३ झाले. आकडा बदलला, पण आकड्याने हाक मारण्याची सवय अशी बदलत नाही. या सवयीला मी निर्दयपणा म्हणणार नाही. शेकडो माणसांची दुःखे रोज नावानिशी वाहणे कुणालाही शक्य नसते, म्हणून मन आपल्याभोवती एक साल चढवते. अडचण अशी की ही साल ड्युटीवरून येताना टोपी-पट्ट्याबरोबर खुंटीला टांगून ठेवता येत नाही.

एक संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. मी नववीत होते. आबा उशिरा आले, हातपाय धुतले आणि परसातल्या दगडी पायरीवर बसले. आईने चहा नेऊन ठेवला. तो तसाच राहिला, त्यावर साय धरली. त्या दिवशी एका बंद्याची आई वारल्याची तार आली होती आणि ती बातमी त्याला सांगण्याचे काम आबांकडे आले होते. अंत्यविधीला जाण्यासाठी लागणारी परवानगी वेळेत मिळणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होते. आबांनी त्याला बराकीबाहेर घेतले, सांगितले, आणि त्याने जो त्यांचा हात धरला तो सुमारे अर्धा तास सोडला नाही. नियमाप्रमाणे बंद्याच्या इतके जवळ उभे राहायचे नसते. "मी हात सोडवला न्हाई," एवढेच आबा आईला म्हणाले. त्यानंतर ते आठवडाभर घरात कुणाशी बोलले नाहीत. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज मला कळते की त्या दिवशी त्यांची साल उघडली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गिनतीसाठी ती पुन्हा घट्ट बसवावी लागणार होती. ते आठ दिवस त्यात गेले.

तरीही बर्नआउटच्या तीन बाजूंपैकी तिसरी, म्हणजे आपल्या हातून काही घडत आहे ही भावना आटत जाणे, कारागृहाच्या नोकरीत सर्वांत घातक आहे, असे माझे मत झाले आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. शिक्षकाला निकाल दिसतो, परिचारिकेला बरा होऊन घरी जाणारा रुग्ण दिसतो, गवंड्याला भिंत दिसते. कारागृहात मात्र चांगला दिवस म्हणजे ज्या दिवशी काही घडले नाही तो. कुणी पळाले नाही, कुणी कुणावर चमचा घासून वार केला नाही, कुणी गळफास लावून घेतला नाही, तटावरून काही आत पडले नाही, गिनती जुळली. रोजनिशीत त्या दिवसाची नोंद दोन ओळींची होते. चौतीस वर्षे इमानाने नोकरी करून एखाद्याने मागे वळून पाहिले, तर त्याला काय दिसावे? न घडलेल्या गोष्टींची रास कुणाला दाखवता येत नाही, स्वतःलाही नाही. उलट जे घडते ते मात्र लगेच दिसते. कोठडीत मृत्यू झाला तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला चोवीस तासांत कळवावे लागते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. ती व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बंद्याचे प्राण ही राज्याची जबाबदारी आहे. पण त्या रात्री तीन बराकींवर एकटा पहारा देणाऱ्या शिपायाला पुढचे वर्षभर झोप लागत नाही, हेही मी जवळून पाहिले आहे.

आबांना यातून कशाने तारले, हा प्रश्न मी त्यांना निवृत्तीनंतर विचारला. मला वाटले, ते ईश्वराचे नाव घेतील किंवा तालमीचे, कारण तरुणपणी ते लाल मातीत घुमलेले होते. ते म्हणाले, "दारं धरायला जायचो ना मी." करवीर तालुक्यात आमचा सव्वा एकर ऊस आहे. जवळपास बदली असेल तेव्हा साप्ताहिक सुट्टीला ते गावी येत आणि रात्रीची लाईट असली तर रात्री, खोरे घेऊन उसाला पाणी पाजायला जात. मी त्यांना विचारले की त्यात विश्रांती कसली, उलट जागरणच. तेव्हा त्यांनी जे सांगितले ते माझ्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतके स्वच्छ लिहिलेले नाही. पाटातून सरीत पाणी सोडले की ते हळूहळू पुढे सरकते. बॅटरीच्या उजेडात त्याचे तोंड चमकताना दिसते. मध्ये ढेकूळ आडवे आले तर थांबते, आपण खोऱ्याने ते काढले की पुन्हा चालू लागते. आणि सरीच्या टोकाला पोहोचले की कळते, ही सरी भिजली. मग बारे, म्हणजे सरीच्या तोंडाशी मातीने घातलेला बांध, मोडायचे आणि पाणी पुढच्या सरीला लावायचे. सकाळी उठून पाहिले तर रान काळेभोर दिसते. "केलेलं दिसतं बघ," ते म्हणाले.

मानसशास्त्रात ज्यांना वैयक्तिक संसाधने म्हणतात, त्यांना मी मराठीत माणसाची शिदोरी म्हणेन. अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्वकार्यक्षमतेची जाणीव, म्हणजे 'हे मला जमेल' हा अनुभवातून आलेला भरवसा, आशावाद, स्वतःच्या किमतीची जाण, आणि आरोन अँटोनोव्हस्की यांनी सांगितलेली सुसंगतीची जाणीव, म्हणजे जे घडते आहे ते समजते, पेलते आणि त्याला काही अर्थ आहे, ही धारणा. अमेरिका, नेदरलँड्स, पोलंड, नॉर्वे अशा अनेक देशांत कारागृह कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाले आहेत आणि ज्याच्याकडे ही शिदोरी भरलेली असते तो करपण्याला अधिक काळ तोंड देतो, असे सामान्यतः दिसते. आबांच्या सरीतल्या पाण्यात ही सगळी सूत्रे आहेत. तिथे काम समजते, पेलते, त्याचा अर्थ डोळ्यांना दिसतो.

पण शिदोरी संपते, आणि हाच भाग बहुतेक व्याख्यानांत, माझ्या स्वतःच्या व्याख्यानातसुद्धा, गाळला जातो. स्टीव्हन हॉबफॉल यांनी १९८९ मध्ये संसाधन-जतनाचा सिद्धान्त मांडला. त्यातला मला सर्वांत खरा वाटणारा मुद्दा असा की मिळालेल्या बळापेक्षा गमावलेल्या बळाचा परिणाम मोठा असतो आणि ज्याच्याकडे मुळातच थोडे आहे त्याचे जे आहे तेही वेगाने जाते. आमच्याकडे विहिरीबद्दल हेच बोलले जाते. झरे कितीही जिवंत असले तरी उपसा पाझरापेक्षा जास्त झाला की विहीर तळ दाखवते, आणि तळ दिसल्यावरही मोटर चालूच ठेवली तर मोटर जळते. दोष तेव्हा झऱ्यांना देत नाहीत.

डेस्पिना झँथोपुलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ मधला एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. तो कारागृहातला नाही; नेदरलँड्समधील ७१४ कर्मचाऱ्यांचा आहे. स्वकार्यक्षमता, संस्थेतील आत्मसन्मान आणि आशावाद ही तीन संसाधने कामाच्या ओझ्याचा थकव्यावर होणारा परिणाम रोखू शकतात का, हे त्यात तपासले होते. ती रोखू शकली नाहीत. मात्र कामाच्या ठिकाणी मोकळीक, सहकाऱ्यांचा आधार, वरिष्ठांचे मार्गदर्शन आणि शिकण्याची संधी मिळाली, तर माणसाची ही शिदोरी वाढते आणि तिच्या मार्फत थकवा कमी होतो, असे दिसले. म्हणजे शिदोरी केवळ घरून बांधून आणायची नसते. तिच्यातला मोठा वाटा कामानेच भरायचा असतो. इतकी वर्षे हे शिकवूनही मी कर्मचाऱ्यांसमोर गेले तेव्हा श्वसनच घेऊन गेले, याची मला खरोखर खंत वाटते.

त्या हवालदारांच्या प्रश्नाकडे आता परत जाते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा बंद्यांमागे एक पहारेकरी असे प्रमाण सांगितले आहे. ऐकायला ते पुरेसे वाटते. पण पहारा चोवीस तासांचा असतो, पाळ्या तीन धरल्या तर एका वेळी अठरा बंद्यांमागे एक माणूस उरतो, आणि साप्ताहिक सुट्टी, रजा, न्यायालय, रुग्णालय हे सारे त्यातूनच वजा होते. ही गणिते सगळी पदे भरलेली असताना आणि कारागृहात क्षमतेइतकेच बंदी असताना. २०२२ अखेर देशातील कारागृहांची क्षमता ४ लाख ३६ हजार २६६ होती आणि आत ५ लाख ७३ हजार २२० माणसे होती. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचा आहे असे कच्चे कैदी. त्याच काळात मंजूर पदांपैकी जवळजवळ तीस टक्के पदे रिक्त होती. त्याच नियमावलीत पाचशे बंद्यांमागे एक समुपदेशक असावा असे म्हटले आहे, आणि तोही बंद्यांसाठी. पहारेकऱ्याने कुणाशी बोलावे, हा प्रश्न आपल्याकडे अजून नीट विचारलाच गेलेला नाही. राज्यातील तुरुंगाधिकाऱ्यांचे प्रशिक्षण येरवड्याच्या दौलतराव जाधव महाविद्यालयात होते. नॉर्वेमध्ये साध्या कारागृह शिपायालाही दोन वर्षांचे उच्च शिक्षण दिले जाते. तुलना करणे सोपे आहे आणि दोन्ही देशांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मला मान्य आहे. पण मृत्यूची बातमी कशी सांगावी आणि ती सांगून झाल्यावर स्वतःचे काय करावे, हे आबांना चौतीस वर्षांत एकदाही कुणी शिकवले नाही, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

समाजाचा वाटाही यात आहे. कारागृह कर्मचाऱ्यांच्या ताणावरील संशोधनाचा आढावा घेताना विल्मार शॉफेली आणि मारिया पीटर्स यांनी २००० मध्ये जी कारणे नोंदवली, त्यांत कामाचे ओझे आणि कठीण माणसांशी पडणारी गाठ यांच्या जोडीला कमी सामाजिक प्रतिष्ठेचाही उल्लेख आहे. कोल्हापुरात रिक्षावाल्याला "कळंबा जेलपाशी सोडा" म्हटले की अनेकदा आवाज खाली करून विचारणा होते, "आत कोण आहे?" विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते. तिथे नोकरी करणारी, मुले वाढवणारी, सणवार करणारी शेकडो माणसे आहेत, हे पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. कळंबा कारागृहातल्या बंद्यांनी वळलेले लाडू अंबाबाईच्या प्रसादाला येत असत, तेव्हा त्याचे सर्वांनी कौतुक केले आणि ते योग्यच होते. ते काम शिकवणारे, त्यावर देखरेख ठेवणारे, वेळेत पोहोचवण्यासाठी धावपळ करणारे कर्मचारीही त्यात होते. त्यांची आठवण मात्र फारशी कुणी काढली नाही.

आबांच्या नोकरीत एक काळ असा होता की मी त्यांना रात्री गाढ झोपलेले पाहिले. ती दोन वर्षे त्यांची नेमणूक सुतारकाम विभागात होती. आमच्या देवघरातला सागवानी चौरंग त्या काळात त्यांनी विक्री केंद्रातून पावती करून घेतलेला आहे. त्याच्या एका पायाचे सांधे दुसऱ्यांपेक्षा किंचित ओबडधोबड आहेत, आणि तो पाय ज्याने केला त्याचे नाव आबांना आजही ठाऊक आहे. नाव, कलम नव्हे. पगार तोच होता, क्वार्टर तेच होते, वरिष्ठही तेच होते. फक्त दिवसाच्या शेवटी दाखवण्यासारखे काही होते. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली, जिथे बंदी आजही कुटुंबासह राहून शेती करतात. तिचे वर्णन आपण नेहमी बंद्यांच्या सुधारणेचा प्रयोग म्हणून करतो. मला त्यात पहारेकऱ्यांच्या सुटकेचाही प्रयोग दिसतो. विश्वासावर चालणाऱ्या जागेत त्यांनाही साल चढवावी लागत नाही. न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८० ते १९८३ या काळात देशभरातील कारागृहांचा अभ्यास करून कारागृह सेवेला स्वतंत्र, प्रशिक्षित सेवेचा दर्जा द्यावा असे सुचवले होते. चाळीस वर्षे झाली.

माझा चुलतभाऊ तीन वर्षांपूर्वी शिपाई म्हणून भरती झाला. पदवीधर, तालमीचा, हसतमुख. भरतीच्या वेळी त्याच्याइतका स्वतःवर भरवसा असलेला मुलगा आमच्या भावकीत दुसरा नव्हता. आता तो घरी आला की टीव्हीसमोर बसतो आणि टीव्ही पाहत नाही. दिवाळीत त्याच्या मुलीने पाणी सांडले, तेव्हा त्याने ज्या आवाजात हुकूम दिला तो आवाज मी ओळखला. रात्री तो मला म्हणाला, "ताई, मला आतल्या माणसांचा राग येत न्हाई. कशाचाच काय वाटत न्हाई." मी त्याला व्याख्यान दिले नाही. आबांना सांगितले.

मागच्या आठवड्यात एक दिवस त्याची सुट्टी होती. आबांनी त्याला सकाळीच रानात नेले, मीही मागून डबा घेऊन गेले. आबांनी त्याच्या हातात खोरे दिले आणि नोकरीबद्दल एक शब्द विचारला नाही. पहिल्या दोन सऱ्यांना त्याचे लक्ष नव्हते. बारे फुटून पाणी शेजारच्या सरीत गेले, आबांनी ते चिखल लावून बंद केले. तिसऱ्या सरीला तो पाण्याच्या तोंडाबरोबर चालू लागला, उसाची पाने बाजूला सारत, पार टोकापर्यंत. तिथून त्याने हाक दिली, "पोचलं!" आबांनी इकडून बारे मोडले. असे आठ सऱ्यांपर्यंत चालले. नवव्या सरीत पाणी निम्म्यावर असताना त्याचा फोन वाजला. दोघे आजारी होते, एक न्यायालयात गेला होता. चारच्या आत हजर व्हायचे होते. त्याने पाटात पाय धुतले, खोरे बांधावर नीट आडवे ठेवले आणि मोटरसायकल काढली. उरलेल्या अकरा सऱ्या आबांनी एकट्याने भिजवल्या.